मधुमेहाचा इतिहास आणि आमचे महाड



महाडच्या इतिहासावर बोलावयास कोणी उभा राहिला, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दोन स्थळे आपोआप येतात. एक रायगड आणि दुसरे चवदार तळे. पोलादपूरकडच्या मंडळींना तिसरेही आठवते, ते तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. ह्या तिन्हींवर माझ्याहून अधिकारी माणसे बोलू शकतील. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकापाशी. म्हणून मी आज गडाचा इतिहास सांगणार नाही, एका रोगाचा सांगणार आहे. रोगाला कसला आला इतिहास, असे कोणी विचारील. पण जो रोग माणसाच्या अंगात वीस-वीस वर्षे राहतो, त्याच्या ताटात, पायताणात आणि कामाच्या पाळीत घुसतो, त्याला इतिहास नाही असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

पंचवीस वर्षांपूर्वी कामगार माझ्याकडे येई तो बडतर्फीचा कागद घेऊन. आज त्याच्या जोडीला दुसरा एक येतो. तो चाळिशी उलटलेला असतो, पायाला फडके गुंडाळलेले असते, आणि म्हणतो, "भाऊ, हलक्या कामावर घेतील का बघा ना." अंगठा काढलेला असतो, किंवा काढावयाचा असतो. ह्याला मालकाने काढलेले नाही, टाळेबंदी नाही, संप नाही. तरी नोकरी जाते ती जातेच. अशा वेळी कोणाशी भांडावयाचे, हा प्रश्न मला पडला आणि त्यातून मी ह्या विषयाच्या वाचनाकडे वळलो. मी स्वतःही बारा वर्षे ह्याच पंगतीत बसलेला आहे, हेही सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी विचारावयास नको.

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक होता. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार मांडले आणि त्यांत मधुमेह सांगितला. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे त्यांनी पाहिले होते. प्रमेहात अंगावर उठणाऱ्या पिडिकांचे, म्हणजे न भरणाऱ्या गळवांचे, वर्णनही सुश्रुतात आहे. हे सारे अभिमानाने सांगण्याजोगे आहे. पण मला त्या ग्रंथात खरे कुतूहल वाटले ते उपचाराच्या भागाचे. तेथे धनवानाला एक उपचार आहे आणि निर्धनाला दुसरा. धनवानाने सावा-नीवारासारखे रानधान्य आणि आवळा-कवठासारखी फळे खाऊन राहावे. निर्धनाने मात्र छत्री आणि पायताण ह्यांवाचून, भिक्षा मागत, शंभर योजने चालावे! कोणी शेत कसावे, कोणी विहीर खणावी. मात्र जो रोगी मुळात कृश आहे त्याला जपावे, असेही लगेच सांगितले आहे. चालणे हे औषध आहे, आणि रोड माणसालाही हा रोग होतो, ह्या दोन गोष्टी त्या वैद्यांनी अचूक हेरल्या. अनवाणी चालण्याची गोष्ट मात्र आज कोणा मधुमेह्याने मनावर घेऊ नये. त्याचे कारण पुढे येईलच. गरिबाच्या वाट्याला उपचारसुद्धा अनवाणीच यावा, हा योगायोग मला काही सोडवत नाही.

पुढची शेकडो वर्षे ह्या रोगाच्या उपचारात फारसा पालट झाला नाही. लहानपणी मधुमेह जडलेले मूल काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत, झिजून मरत असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ॲलन नावाच्या डॉक्टरने अशा रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत काढली. त्याने मरण थोडे पुढे ढकलले जाई, एवढेच. मग १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला आणि कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली. ती नीट लागू पडली नाही. पण २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क टोचल्यावर त्याची साखर उतरली. पुढच्या वर्षी ह्या संशोधकांनी आपला एकस्वाचा हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकला. इन्सुलिनच्या दुकानातील आजच्या किमती पाहताना तो एक डॉलर मला नेहमी आठवतो.

येथून पुढचा इतिहास वेगळ्या वळणाने जातो. इन्सुलिनने मधुमेह बरा केला नाही. त्याने तो लांबवला. जो रोग वर्षात संपत होता तो चाळीस वर्षांचा झाला. आणि माणूस जगू लागला तेव्हा मग डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या शिरा आणि हृदय ह्यांची दुखणी पुढे आली. मरण टाळण्याचा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला. जगण्याची रोजची व्यवस्था कोणी करावयाची, हा प्रश्न उरला. तो औषधाचा कमी आणि समाजाचा जास्त आहे, असे माझे मत आहे.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या महाडशी जोडलेले आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी येथे परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन येथेच झाले. चवदार तळ्याच्या पायऱ्या ताठ उतरणारे ते बाबासाहेब आपल्या मनावर कोरलेले आहेत. वीस वर्षांनंतरचे बाबासाहेब आपण फारसे पाहत नाही. १९४७-४८ च्या सुमारास, राज्यघटनेच्या मसुद्याचे काम ऐन भरात असताना, मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांत असह्य कळा येत, रात्र रात्र झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. उपचारासाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे जात. डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांचे पथ्य, त्यांची सुई आणि त्यांची विश्रांती ह्यांची जबाबदारी माईसाहेबांनी उचलली. ते दिवस त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहेत.

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी घटना समितीत सांगितले की, मसुदा समितीच्या सात सभासदांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी होते, कोणी दूर राहत होते, आणि सारा भार शेवटी एकट्या आंबेडकरांवर पडला. ही गोष्ट सभांतून पुष्कळदा सांगितली जाते. तो एकटा माणूस त्या वेळी मधुमेही होता, हे मात्र सहसा कोणी जोडून सांगत नाही. मी ते कामगारांच्या सभेत मुद्दाम सांगतो. कारण "सुई लागली म्हणजे माणूस संपला" ही समजूत आमच्याकडे फार खोल गेलेली आहे. सुई टोचून घेणाऱ्या माणसाने ह्या देशाची घटना उभी केली, ह्यापेक्षा मोठे उत्तर त्या समजुतीला कोणते देणार?

पण ही गोष्ट येथे थांबवली तर ती अर्धी राहील. १९५४ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते. दृष्टी मंदावत गेली. अखेरच्या वर्षांतल्या छायाचित्रांत त्यांना कोणाचा तरी आधार किंवा हाती काठी दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीला ते गेले. वय अवघे पासष्ट. ह्यांतले किती मधुमेहाचे आणि किती अतिश्रमाचे, हे ठरवणे माझे काम नव्हे. पण त्या काळी रोग्याच्या हाती होते काय, ते पाहा. काचेची पिचकारी उकळून घ्यावयाची. इन्सुलिन गायीगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले. घरी रक्त तपासण्याची सोय नाही; लघवीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून उकळावयाचे आणि ते हिरवे होते की विटकरी, ह्यावरून अंदाज बांधावयाचा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी तेव्हा नव्हती. डोळ्यांच्या पडद्यावर किरण सोडून दृष्टी वाचवण्याची पद्धत तेव्हा कोठे युरोपात बाल्यावस्थेत होती. साखर ताब्यात ठेवली तर पुढची दुखणी टळतात काय, ह्याचासुद्धा पक्का पुरावा डॉक्टरांजवळ नव्हता.

तो पुरावा यावयास १९९३ साल उजाडले. अमेरिकेत आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या, म्हणजे इन्सुलिनवाचून जगूच न शकणाऱ्या, १४४१ रोग्यांवर दहा वर्षे केलेल्या अभ्यासात, साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा विकार सुमारे ७६ टक्क्यांनी कमी दिसला, नसांचा सुमारे ६० टक्क्यांनी. मग १९९८ मध्ये इंग्लंडातला वीस वर्षांचा अभ्यास बाहेर आला. तो दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना असतो त्या मधुमेहाचा. साखर नीट ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी पाव हिश्श्याने कमी झाली, आणि त्यांतल्या रक्तदाब असणाऱ्यांचा दाब नीट उतरवल्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला. हा दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साखरेचे नाव काढले की लोक चहातली साखर बंद करतात आणि रक्तदाबाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आता आपल्या डोंगराकडे वळू. पोलादपूर म्हणजे आंबेनळी आणि कशेडी ह्या दोन घाटांच्या पायथ्याचा मुलूख. भातखाचरे थोडी, वरकस जमीन फार. त्या वरकसावर नाचणी आणि वरी पिके. भात घिरटावर भरडून मुसळाने सडले जाई. त्यावर कोंड्याचा पापुद्रा राही. पण ह्या पिकावर घर वर्षभर चालत नसे, म्हणून घरटी एक गडी मुंबईला गिरणीत. गावात राहिलेली बाई डोंगर चढून शेती करी, आणि तो गिरणगावातल्या गाळ्यात पाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि मनिऑर्डर पाठवी. गावात भाताची गिरणी आली, रास्त भावाच्या दुकानात पांढरा तांदूळ आला, आणि नाचणीची भाकरी गरिबीची खूण ठरून ताटातून मागे सरली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचा गिरणी संप झाला. त्यानंतर कित्येक गडी गावी परतले. पुढे त्यांची मुले बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांत लागली. डोंगर चढणारे पाय कंपनीच्या बसमध्ये चढू लागले. काम श्रमाचेच, पण उभे राहण्याचे आणि जागरणाचे.

नाचणीचे गोडवे गाणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत, म्हणून एक सांगतो. नाचणी हे औषध नव्हे. चार भाकऱ्या चापल्या तर साखर चढणारच. आजोबांना नाचणी बाधली नाही, कारण नाचणीमागे दिवसभराचा डोंगर होता. भाताचा ढीग अर्धा करावा, कुळथाचे पिठले, भाजी, मासळी वाढवावी, आणि जेवणाची वेळ मोडू नये, एवढे जमले तरी पुष्कळ.

"मी तर काडीसारखा, मला कशी साखर होईल?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. त्याचे उत्तर पुण्यात सापडले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. आपली मुले जन्मतः इंग्लंडातल्या मुलांपेक्षा पुष्कळ हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास. पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी कमी नाही, कमी आहे ते मांस. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या युडकिन यांनी स्वतःची छायाचित्रेच छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! तेव्हा दिसावयास रोड असणे हा काही दाखला नव्हे. पोटुशी बाई अर्धपोटी राहून डोंगर चढते आणि तिच्या मुलाला चाळिशीत मधुमेह होतो, असा हा दोन पिढ्यांचा हिशेब आहे. तो मांडल्यावर "श्रीमंतांचा रोग" हा शब्द मी वापरणे सोडून दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. एवढे श्रीमंत ह्या देशात असते तर आम्हांला संघटना काढावी लागली नसती.

ह्या भागातल्या वैद्यकाचा एक पराक्रम येथे आठवतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसे त्यांनी पाहिली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी त्यावर लागू केले, आणि ज्या दंशाने रात्रीत माणूस जाई त्यातून माणसे वाचू लागली. जगाने त्याची दखल घेतली. विंचू चावला की सारे गाव धावते, डोली करते, गाडी काढते. साखर मात्र पंधरा वर्षे चावत असते आणि घरातलेही उठत नाहीत, कारण ती दुखत नाही.

दुखत नाही, हेच तर तिचे विष. वेल्लोरला १९४६ मध्ये आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर उपचार करीत. कुष्ठाने बोटे आपोआप झडतात असे सारे मानत. ब्रँड यांनी दाखवले की बोटे झडत नाहीत. तेथली जाणीव जाते, मग खडा, चटका, चावणारा पट्टा कळत नाही, जखमेवर माणूस चालत राहतो आणि पाय जातो. त्यांनी मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला करवल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर तीच विद्या त्यांनी मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरली. मधुमेहात नसा अशाच बधिर होतात. म्हणून सुश्रुताचे अनवाणी चालणे आज चालणार नाही. लावणीच्या चिखलात आणि वैशाखातल्या तापलेल्या कातळावर तर मुळीच नाही. आमच्याकडे बूट घालण्यापूर्वी झटकण्याची सवय विंचवामुळे सर्वांना आहे. मधुमेह्याने झटकून झाल्यावर आत बोट फिरवून खिळा वर आला आहे काय, तेही पाहावे. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा बायकोकडून किंवा मुलाकडून पाहून घ्यावा. दिसत नसेल तर खाली आरसा धरावा. भोवरी ब्लेडने कापू नये, बधिर पायाला शेक देऊ नये. बिडी आणि मिश्री दोन्ही सुटली पाहिजेत, कारण तंबाखू रक्तवाहिन्या आवळते आणि आधीच उपाशी असलेला पाय अधिक उपाशी राहतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा पाहावा, लघवीतली प्रथिने तपासावी. मूत्रपिंड बिघडल्याची पहिली खूण तेथेच मिळते, अंगावर सूज येण्याची वाट पाहू नये.

आता पाळीचा प्रश्न. गोळी किंवा सुई घेतली आणि जेवण लांबले तर साखर एकदम खाली उतरते. घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. असा माणूस मचाणावर किंवा उकळत्या टाकीच्या तोंडाशी उभा असेल तर काय होईल, ते सांगावयास नको. खिशात साखरेची पुडी ठेवावी, तीन चमचे लगेच खावी आणि मग जेवावे. पण जेवणाची सुट्टी मुकादमाच्या मर्जीवर असेल तर एकट्या पुडीने काय होणार? म्हणून माणसे गोळीच चुकवतात. रोग लपवतात, कारण कळले तर रात्रपाळीचा भत्ता जाईल, कंत्राटी असेल तर कामच जाईल. एका कारखान्यात, नाव घेत नाही, मधुमेह कळल्यावर चांगल्या कारागिराला आठवड्यात घरी बसवलेले मी पाहिले आहे. त्यानंतर त्या खात्यात कोणी रक्त तपासून घेईना.

कायद्याने काय दिले तेही पाहू. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची दर बारा महिन्यांनी तपासणी कायद्यात आली. कामगार राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांच्या चौतीस रोगांची यादी आहे आणि त्यांना वाढीव रजेचा पगार मिळतो. त्या यादीत मधुमेह आहे, पण कोणता? डोळ्याचा पडदा गेलेला, पाय चिघळलेला, मूत्रपिंड बिघडलेले असा. म्हणजे पाय सडला की रजा मिळेल; पाय सडू नये म्हणून जेवणाला अर्धा तास ठरलेल्या वेळी मिळेल, असे त्या यादीत लिहिलेले नाही.

जुलै २०२१ च्या महापुराने आणखी एक गोष्ट शिकवली. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तळियेत दरड कोसळली, वीज गेली. शीतकपाटे बंद, औषधे चिखलात. त्याच वर्षी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानाचा आधार घेऊन झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इन्सुलिन चार आठवडे २५ ते ३७ अंशांत राहूनही आपला गुण टिकवून ठेवते, असे त्यात दिसले. तेव्हा वीज गेली म्हणून कोणी सुई बंद करू नये. मडक्यावर ओले फडके घालून, वाऱ्याला, सावलीत कुपी कोरडी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी महिन्याचे औषध घरी उंचावर, पिशवीत बांधून ठेवण्याचा परिपाठ आम्ही वस्त्यांतून सुरू केला आहे.

सध्या एका कारखान्याशी कराराची बोलणी चालू आहेत. मागणीपत्रात आम्ही वेतनवाढीखाली तीन कलमे घातली आहेत. सुई किंवा गोळी घेणाऱ्याला जेवणाची सुट्टी घड्याळाप्रमाणे द्यावी; वार्षिक तपासणीत साखर, रक्तदाब, डोळे आणि उघडे पाय पाहावेत; आणि रोग कळला म्हणून कोणाची पाळी किंवा भत्ता त्याच्या संमतीवाचून बदलू नये. पायाची जाणीव तपासावयाला डॉक्टर नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला टेकवतात, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या दोन कलमांना व्यवस्थापनाने मान हलवली आहे. तिसऱ्यावर आणि कंत्राटी कामगारांना ही कलमे लागू करण्यावर घोडे अडले आहे. पुढची बैठक मिरगाच्या आधी आहे.